अक्रोडाची साक्ष

त्या घरात दोन जावा होत्या आणि अकरा मधपेट्या. जावाजावांचे कधी पटत नाही असे जग म्हणते, पण जगाने या दोघींना पाहिले नव्हते. धाकटी अंगणातून ओरडली, "ताई, सर आली, कपडे!" की थोरली मान वरसुद्धा न करता, कणकेचे हात तसेच घेऊन दोरीकडे धावायची. सर खरेच आली का, किती लांब आहे, हे बघायची तिला कधी गरज वाटली नाही. धाकटीने सांगितले ना, मग झाले. बावीस वर्षांत त्या दोरीवरचा हातरुमालसुद्धा भिजला नव्हता.

घर गावाच्या शेवटी, उताराच्या कडेला होते. थोरलीचा नवरा सुतार. मधाच्या पेट्या, त्यांच्या आतल्या चौकटी, झाकणे, सगळे त्याच्या हातचे. धाकटीचा नवरा ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी आणि त्यातले दोन झोपेत. दोघींमध्ये मिळून एक लेक, चिमणी. आता ती शहरात राहायची आणि तिचे लग्न ठरले होते. जन्म धाकटीने दिला, पण थोरलीची कूस रिकामीच राहिली होती, म्हणून तिसऱ्याच दिवशी धाकटीने बाळ तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हटले, "घ्या ताई, मला झोप आवरत नाही." दुसरी कोणी असती तर हे औदार्य तिने चारचौघांत मिरवले असते. धाकटीने झोपेचे निमित्त केले. ते थोरली कधी विसरली नाही.

थोरलीचा एक नेम होता. सकाळी उठल्यावर, तोंडात पाण्याचा थेंब घालण्याआधी आणि कोणाशी एक शब्द बोलण्याआधी, ती भांडेभर पाणी घेऊन अंगणाच्या टोकाला असलेल्या अक्रोडापाशी जायची. पाणी मुळाशी घालायची, खोडावर तळहात टेकून मनातल्या मनात प्रार्थना म्हणायची आणि मग अकरा पेट्यांवरून सावकाश एक फेरी मारायची. ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही. हा नेम सासूबाईंकडून आला होता आणि नेमाबरोबर एक शब्दही आला होता.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी थोरलीचा हात धरून सांगितले, "हे बघ, मध काढणाऱ्या हाताला थांबणं ठाऊक नसतं. म्हणून थांबायचं कधी ते आपण ठरवायचं नाही. ते अक्रोडाला ठरवू दे. त्याचं पहिलं पान पिवळं झालं की मध काढायचं यंत्र धुवायचं, पुसायचं, झाकून ठेवायचं. पुढे पेटीत उरेल तो मध माशीचा. तिची हिवाळ्याची शिदोरी. त्यातला चमचाभर जरी घेतलास, तर..."

'तर' काय, ते त्यांनी सांगितले नाही. सांगितले नाही म्हणूनच ते थोरलीच्या मनात खोल जाऊन बसले. तिने शब्द दिला. धाकटी तेव्हा औषधाचा चमचा धरून शेजारीच उभी होती.

त्या शब्दाप्रमाणे बावीस हंगाम गेले. उन्हाळ्यात तीन वेळा मध निघायचा. चौथी काढणी करायची वेळ येईपर्यंत अक्रोड बहुधा पिवळा झालेला असायचा. दोनच वर्षे अशी गेली की झाड उशिरापर्यंत हिरवे राहिले आणि चौथ्यांदा यंत्र फिरले. दोन्ही वेळा थोरलीने आधी झाडाला निरखून पाहिले आणि मगच होकार दिला. तिच्या होकाराशिवाय पेटीचे झाकण उघडत नसे. माश्यांनाही जणू ते ठाऊक होते.

यंदा शरद ऋतू दबक्या पावलांनी आला, घरी उशिरा आलेल्या माणसासारखा, चपला हातात घेऊन.

पहिली चाहूल थोरलीला स्वयंपाकघरात लागली. उन्हाळाभर खिडकीच्या कट्ट्यावरच थांबणारे सकाळचे ऊन त्या दिवशी खाली उतरून जेवणाच्या टेबलाच्या पायापर्यंत आले होते. ती झाडू हातात धरून त्या उन्हाकडे बघत राहिली. दोन दिवसांनी गवतावरचे दव दहा वाजून गेले तरी सुकले नाही. तिच्या साडीची किनार ओली झाली ती दुपारपर्यंत ओलीच राहिली. मग विजेच्या तारेवर, थंडीआधी दूर उडून जाणाऱ्या पाकोळ्या जमू लागल्या. एकेक येऊन बसायची, सरकून पुढचीला जागा द्यायची, आणि सगळ्या मिळून एकाच दिशेला तोंड करायच्या. वाटेवरून चालताना कोळ्यांचे सुटे धागे गालाला लागायचे. हात फिरवावा तर हाताला काही नाही. दिवसा ओरडणारे किडेसुद्धा दोन किरकिरींच्या मध्ये दम खाऊ लागले होते.

आणि एका सकाळी, फेरी मारताना, तिसऱ्या पेटीच्या दाराशी तिला झटापट दिसली. कामकरी माश्या नरांना पंख धरून बाहेर ओढत होत्या. उन्हाळाभर आयते खाऊन सुस्तावलेले ते लठ्ठ नर फळीवर उताणे पडून पाय झाडत होते. सासूबाई याला 'घरजावयांची पाठवणी' म्हणायच्या. पुढे अन्न पुरणार नाही हे माशीला कळले, की ती आधी बसून खाणाऱ्याला बाहेर काढते. हिवाळ्याची इतकी स्पष्ट वर्दी दुसरी नाही.

थोरलीने वळून अक्रोडाकडे पाहिले. अक्रोड हिरवागार होता.

चहा पिताना ती धाकटीला म्हणाली, "अगं, तिसऱ्या पेटीतले जावई निघाले बाहेर."

"चला! एक बरं झालं," धाकटी हसली. "आपल्याकडचे तर ट्रकसकट येऊन झोपतात. त्यांना कोण ओढून काढणार?"

"थट्टा नाही गं. मला वाटतं यंदा तिसऱ्या काढणीवरच थांबावं."

धाकटीचा कप ओठांपाशीच थांबला. "झाड पिवळं झालं?"

"झाड नाही झालं. पण पाकोळ्या, दव..."

"ताई, सासूबाईंनी झाडाला विचारायला सांगितलंय. माशीला नाही, पाकोळीला तर नाहीच नाही. उद्या म्हणाल, शेजारच्या म्हातारबाबांचे गुडघे दुखायला लागले, यंत्र झाका!"

थोरलीलाही हसू आले. आणि मग तिला वाटले, खरेच की. नेम म्हणजे नेम. आपल्या सोयीने त्यात भर घालणारी मी कोण? सासूबाईंचा शब्द अक्रोडावर होता. जे झाडाने सांगितले नाही ते आपण सांगितले, तर ती श्रद्धा कसली, तो शहाणपणा झाला. आयुष्यभर शब्दाला धरून चाललेल्या माणसाचीच अशी चूक होते: सगळे रान एका सुरात ओरडत होते आणि ती एका झाडाच्या तोंडाकडे बघत बसली.

तरी मन शांत होईना. दोन दिवसांनी सकाळी तिला वरच्या बेचक्यात काही पिवळे दिसल्यासारखे वाटले. नेम संपवून ती धावतच आत आली. धाकटी पदराला हात पुसत बाहेर आली, कपाळावर आडवा हात धरून तिने वर पाहिले.

"कुठं? ते होय? ऊन आहे ते, ताई. पान नाही."

"ऊन?"

"तुमचा चष्मा कधीचा आहे? काचेवर किती रेघोट्या पडल्यात बघा. परवा तुम्ही मिठाच्या बरणीत साखर घालायला निघाला होतात."

दुसऱ्या सकाळी त्या बेचक्यात काहीच पिवळे नव्हते. थोरलीने रंधा मारत असलेल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो, तुम्ही तरी बघा. तुम्हाला दिसतंय का कुठं पिवळं?"

"मला तर हिरवंच दिसतंय," तो म्हणाला. मान खालीच होती. रंध्यातून लाकडाची लांब साल वळत वळत बाहेर पडत होती.

मग थोरलीने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला आणि घरच्यांच्या डोळ्यांवर ठेवला. ते तर ती बावीस वर्षे करतच होती. धाकटी तिला बसने बाजारात घेऊन गेली, चष्मेवाल्याकडे स्टुलावर बसवून, अक्षरे वाचताना "घाबरू नका, सावकाश" म्हणत शेजारी उभी राहिली. येताना दोघींनी एका पिशवीतून चणे खाल्ले. चष्मा आठ दिवसांनी मिळणार होता.

त्या आठ दिवसांतच चौथी काढणी झाली.

थोरलीनेच होकार दिला. पेट्यांची झाकणे तिनेच उघडली. धाकटीने भाता धरला. चहाच्या किटलीएवढा पत्र्याचा डबा, त्यात गोणपाटाचे तुकडे धुमसत ठेवायचे आणि मागची कातडी दाबून पेटीत धूर सोडायचा. धुराने माश्या सुस्तावतात आणि बाजूला होतात. धूर आला आणि थोरलीने जाळीच्या टोपीआड नाक वर केले. गोणपाटाचा धूर तिच्या ओळखीचा होता, ओल्या पोत्यासारखा, घशात बसणारा. हा वेगळा होता. कडवट, थोडा औषधी, आणि कुठेतरी फार जवळचा.

"काय घातलंयस गं यात?"

"गोणपाट संपलं. वाळकं गवत कोंबलं," धाकटी म्हणाली आणि तिने भाता दोनदा जोरात दाबला.

चौकटी जड होत्या, कडेपर्यंत भरलेल्या आणि मेणाने बंद केलेल्या. दर पेटीतून एकेक चौकट उचलताना थोरलीच्या मनात काहीतरी अडत होते. धूर देऊनही माश्या तिच्या हातांवर येऊन बसत होत्या. चावत नव्हत्या, नुसत्या चालत होत्या. ती पुटपुटली, "झाड हिरवं आहे गं बायांनो. झाड हिरवं आहे." दिवस मावळेपर्यंत यंत्र फिरले. मध गडद निघाला, तपकिरी, हंगामाच्या शेवटचा. पाच डबे भरले.

नवा चष्मा सुताराने बाजारातून आणला. दुसऱ्या सकाळी थोरली तो लावून नेमाला निघाली. पायरीवरच ती थबकली. जग धुऊन वाळत घातल्यासारखे दिसत होते. गवताचे पाते न् पाते वेगळे. तारेवरच्या पाकोळ्या मोजता येत होत्या, आणि त्या फक्त सात उरल्या होत्या.

पाणी घालायला ती अक्रोडापाशी वाकली, खोडावर हात टेकला, प्रार्थनेसाठी डोळे मिटण्याआधी सवयीने वर पाहिले. आणि प्रार्थना राहिली.

अक्रोडाचे पान म्हणजे एक लांब देठ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच-सात लहान पाने, पानोळ्या. वरच्या फांद्यांवर, पूर्वेच्या अंगाला, नुसते देठ होते. एक, दोन, सहा, नंतर तिने मोजणे सोडले. सोललेल्या माशाच्या काट्यांसारखे उघडे, हिरवट पिवळे देठ, ज्यांच्यावर एकही पानोळी नव्हती. पान पिकून गळते तेव्हा आधी पानोळ्या पडतात, मग देठ, आणि खाली गवतावर त्यांचा सडा पडतो. गवतावर काहीच नव्हते. काही देठांवर पानोळीच्या जागी साल ओरबाडलेली होती.

वारा असे करत नाही. पाखरूही करत नाही. असे हात करतात.

तिची नजर खोडाशी आली. ती रोज पाणी घालायची तिथली माती मऊ होती. त्या मातीत दोन चौकोनी खड्डे होते, हातभर अंतरावर, कडा अजून ओल्या. शिडीच्या पायांचे.

बावीस वर्षांत पहिल्यांदा थोरलीची पेट्यांवरची फेरी झाली नाही. ती सरळ मागच्या खोलीत गेली. भाता खिळ्याला टांगलेला होता. तिने झाकण उघडले. तळाशी राख होती आणि राखेत अर्धी जळालेली पाने. तिने एक चिमटीत धरून नाकाशी नेले. कडवट, औषधी, जवळचा वास. दारामागच्या कापडी पिशवीत तर न जळालेली पाने भरून ठेवली होती. वाळलेली, चुरगळलेली, पण रंग स्पष्ट. पिवळी. काही अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. पिवळेपणाला सुरुवात होते न होते तोच खुडलेली.

जे पान दिसताच थांबायचे होते, त्याच पानाचा धूर देऊन माश्यांना बाजूला सारले होते. आणि झाकण तिने स्वतःच्या हाताने उघडले होते. थोरली पिशवी मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. कुंपणच शेत खाते ही म्हण तिने शंभरदा ऐकली होती. पण शेताला तेव्हा कसे वाटते हे म्हणीत नसते.

धाकटी स्वयंपाकघरात बरण्या पुसत होती. टेबलभर लहान लहान काचेच्या बरण्या, शेजारी निळ्या फितीचे रीळ. थोरलीने पिशवी टेबलावर ठेवली.

धाकटीने पिशवीकडे पाहिले, मग थोरलीच्या नव्या चष्म्याकडे. हातातले फडके तिने दोनदा घडी केले.

"चिमणीच्या सासूबाई आल्या होत्या ना, बोलणी करायला," ती हळू म्हणाली. "त्या म्हणाल्या, आमच्याकडे लग्नात प्रत्येक पाहुण्याला काहीतरी हातात देतात. तोंडावर असं म्हणाल्या, जणू आपल्याकडे देण्यासारखं काही नसेलच. मी बोलून बसले. म्हटलं, आमच्या घरचा मध देऊ. दोनशे बरण्या. तीन काढण्यांचा मध तर आधीच विकला गेला होता, ताई. शब्द तोंडातून निघून गेला होता."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," थोरली म्हणाली. "नाहीच म्हणाले असते."

"मग?"

"मग काय? माझा 'नाही' तुला माहीत होता म्हणून झाडाकडून 'हो' वदवून घेतलास?"

धाकटीने खाली पाहिले. "चिमणी तुमचीही आहे, ताई. तिची मान खाली गेली असती तर तुम्हाला चाललं असतं?"

"तिला यात आणू नकोस." थोरलीचा आवाज चढला नाही. तिचा आवाज कधीच चढत नसे, आणि धाकटीला आता वाटत होते की तो चढावा, भांडी आपटावीत, काहीतरी फुटावे. "तू मध चोरला असतास तर मी समजले असते. कपाटाची किल्ली कुठं असते ते तुला ठाऊक आहे. पण तू मला चष्मेवाल्याकडे नेलंस. माझ्या शेजारी उभी राहिलीस. येताना माझ्याबरोबर चणे खाल्लेस."

दारात पावले वाजली. सुतार आत आला, टेबलावरची पिशवी पाहून तिथेच थांबला. कानावरची पेन्सिल त्याने काढली, पुन्हा ठेवली.

धाकटीचा हात वरच्या फांदीला पोहोचणारा नव्हता. शिडी त्याच्या कामाच्या खोलीत असायची, आणि खोलीला कुलूप. थोरलीला हे मघाशी मातीतल्या खड्ड्यांपाशीच कळले होते, पण कळणे आणि समोर येऊन उभे राहणे यांत फरक असतो.

"तुम्हीसुद्धा?"

"मी काही तोडलं नाही," तो म्हणाला. "मी नुसती शिडी धरली."

"कधी?"

"तू प्रार्थनेला उठायच्या आधी. रोज नाही. पाच-सहा वेळा." मग त्याने मान वर केली. "अगं, एका वर्षाचा प्रश्न होता. घरात वाद नको म्हणून... माश्यांना साखरेचं पाणी देता येतं की. सगळेच देतात."

"सगळ्यांनी तुमच्या आईला शब्द दिलेला नाही."

महिनाभर तो मूग गिळून राहिला होता. थोरलीला एवढेच आठवत राहिले की त्या दिवशी तिने विचारले तेव्हा त्याने झाडाकडे पाहिलेही नव्हते. निदान वर बघून खोटे बोलला असता.

"किती बरण्या गेल्या?" तिने विचारले.

"साठ," धाकटी म्हणाली. "काल लग्नघरी, आमच्या यांच्या ट्रकमधून. बाकी डब्यांत आहे. ताई, आठ दिवसांवर लग्न आहे. ताई, पाया पडते..."

"पाया पडू नकोस. बाजूला हो."

चार डब्यांची झाकणे अजून घट्ट होती. थोरलीने ते एकेक करून ओसरीवर आणले. कोणाची मदत मागितली नाही. सुतार पुढे झाला तेव्हा तिने डबा दुसऱ्या हातात घेतला, एवढेच. मग तिने घरातली पसरट ताटे काढली, बागेतल्या काटक्यांचे बोटभर तुकडे केले आणि धुऊन वाळवले. ताटात मध ओतायचा, वर काटक्या पसरायच्या, म्हणजे माशी काटकीवर उभी राहून पिते आणि बुडत नाही. हे काम दिवसा करता येत नाही, दुसऱ्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात. म्हणून ती ऊन उतरायची वाट बघत बसली.

दिवेलागणीला ती पहिल्या पेटीपाशी गेली. भाता घेतला नाही. झाकण उचलले, ताट आत ठेवले, झाकण लावले आणि लाकडाला कान टेकून थांबली. आतला गुणगुणाट आधी दबका होता, मग हळूहळू चढला. ती दुसऱ्या पेटीकडे वळली. अकरा पेट्या, अकरा ताटे. एवढे झाले तरी एका डब्याच्या तळालाही हात लागला नव्हता. लग्नाला निघेपर्यंत रोज संध्याकाळी हेच करावे लागणार होते, आणि साठ बरण्यांतला मध तर परत येणारच नव्हता.

स्वयंपाकघराच्या खिडकीत धाकटी उभी होती. दिवा तिच्या पाठीशी होता, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. ती बाहेर आली नाही आणि थोरलीने बोलावले नाही.

त्याच रात्री जेवणाआधी थोरलीने चिमणीला फोन लावला. कोणी काय केले ते तिने सांगितले नाही. मध कमी पडला, बरण्या साठच होतील, एवढेच सांगितले.

"मग काय झालं, मोठी आई?" चिमणी म्हणाली. मागे कोणीतरी हसत होते, शिलाईयंत्र चालू होते. "दर टेबलावर दोन-दोन ठेवू, छान दिसतील. दोनशे म्हणून आईच हट्ट धरून बसली होती. आणि तू येताना तुझी ती जुनी शाल आण, इथं संध्याकाळी गार होतं आता."

थोरलीने फोन ठेवला. धाकटी पोळ्या लाटत होती. तिने सगळे ऐकले होते. लाटणे मधेच थांबले, मग पुन्हा फिरू लागले.

लग्नाला सगळे गेले. दोघी जावा एका रंगाच्या साड्या नेसल्या, कारण त्या उन्हाळ्यातच शिवायला टाकलेल्या ब्लाउजांसकट तयार होत्या. मांडवात दोघींना पाहून कोणीतरी म्हणाले, "काय हो, बहिणी की जावा?" आणि धाकटीने थोरलीकडे पाहिले. थोरली म्हणाली, "जावा." खोटे काही नव्हते त्यात.

घरी आल्यावर दिवस पूर्वीसारखे चालू झाले. चहा दोन कपांत ओतला जायचा. भाजी एकीने चिरली की दुसरीने फोडणी द्यायची. सुतार कामाच्या खोलीचे कुलूप लावीनासा झाला. शिडी उघड्या दारातून दिसत राहायची. अक्रोड आता मोकळेपणी पिवळा झाला होता, वरपासून खालपर्यंत, आणि त्याला कोणी हात लावत नव्हते. थोरलीचा नेम चालू होता. पाणी, प्रार्थना, फेरी. फक्त खोडावर हात टेकल्यावर ती आता डोळे मिटत नसे.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. अंगणातून धाकटीची हाक आली, "ताई, सर आली, कपडे!"

थोरलीने हात थांबवले. कणकेचा गोळा परातीत ठेवला. बोटांना चिकटलेली कणीक एकेक करून काढली, हात धुतले, पदराला पुसले. मग ती खिडकीपाशी गेली, झडप उघडली आणि तळहात बाहेर काढला.

एक थेंब पडला. मग दुसरा, मनगटावर.

दोरीपाशी धाकटी उभी होती, अर्धे कपडे छातीशी धरून. तिची नजर खिडकीतून बाहेर आलेल्या त्या हातावर होती. थोरलीने हात आत घेतला, चपला घातल्या आणि बाहेर आली.

त्या दिवशी दोन चादरी भिजल्या.